काकांनी सिवाच्या फोटोंत पाणी शोधलं

आज धुळ्याला काकांना सिवाचे फोटो दाखवले. इजिप्तच्या पश्चिम टोकाला, लिबियाच्या सीमेपासून साधारण 50 किलोमीटरवरचं हे वाळवंटातलं गाव समुद्रसपाटीच्याही खाली आहे. झऱ्यांच्या पाण्यावर खजूर आणि ऑलिव्हच्या नुसत्या बागाच बागा!

मला सगळ्यात जवळचा फोटो सिवातल्या शाली नावाच्या जुन्या गढीचा. भिंती मीठमिश्रित मातीच्या. 1926 च्या पावसात त्या इतक्या ढासळल्या की लोकांनी खाली येऊन नवी घरं बांधली. सकाळच्या तिरप्या उन्हात कॅमेरा भिंतीला अगदी भिडवला, तर मातीत रुतलेला मिठाचा एकेक खडा चमकत होता. दुपारी हीच भिंत नुसती सपाट दिसते.

काका मात्र गढीवर थांबलेच नाहीत. खजुराच्या बुंध्याशी वाहणाऱ्या अरुंद पाटाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "तठे पानीनी पाळी कोन लावस?"

पांझरा नदीच्या फडावर त्यांची हयात गेली. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर पाळीपाळीनं भिजणारा शेतांचा गट. मग काय, शेतांना पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, बंधाऱ्याची डागडुजी, यंदा कोणत्या फडात ऊस अन् कोणत्यात ज्वारी... तासभर बोलत होते. आपण प्रवासात सूर्यास्त आणि वाळूचे डोंगर टिपत बसतो, अन् गाव ज्याच्यावर जगतं ते पाणी फ्रेमबाहेर राहतं, हे मला मनापासून खटकलं.

साक्री-धुळ्याकडे कुणाच्या गावात फड अजून चालू असेल तर कळवा. पाळीच्या दिवशी पाटकऱ्यासोबत बांधाबांधानं फिरून फोटो काढायचेत. काकाही येणार आहेत.