आमची वाटचाल : शून्याच्या दोन्ही बाजूंना

नाना पेठेतला आमचा पहिला गाळा दहा बाय बारा फुटांचा. बॉनेटपुरती गाडी आत आणि बाकीची गल्लीत, असं काम चालायचं. सुरुवातीला नुसती वायरिंगची कामं होती. मग टर्बो डिझेलवाले बूस्ट मीटर बसवून घ्यायला येऊ लागले. हा मीटर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतो : शून्याच्या वर बूस्ट, शून्याच्या खाली व्हॅक्यूम. त्यांच्या मागून आल्या कॉम्प्रेसर, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या ब्लोअरने इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या मर्सिडीज. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यातच जुळवल्या जातात. त्यातल्या सी-२०० कॉम्प्रेसर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गेल्या, मोठ्या वर्कशॉपचं बिल परवडेना, तेव्हा लोकांना आमचा गाळा सापडला.

पहिली कॉम्प्रेसर गुळाच्या एका व्यापाऱ्याची होती, मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातल्या. आम्ही त्यांना शेठच म्हणतो. ते म्हणाले, "मिस्त्री, गाडी ओढत नाही, आणि सगळे म्हणतात स्कॅनरवर काही येत नाही." मीटर जोडला. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, काटा उणे ०.४५ बारवर, आणि तोही थरथरता. पुण्याच्या उंचीवर धडधाकट पेट्रोल इंजिन उणे ०.६ च्या आसपास स्थिर राहतं. म्हणजे कुठूनतरी चोरून हवा आत जात होती. ब्लोअर उतरवला तर त्याच्या खालचा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या आतल्या वाफा परत इंटेककडे नेणारी नळी) बिस्किटासारखा हातात तुटला. या इंजिनाचं ते नेहमीचं दुखणं. पाइप वरून दिसत नाही, तिथे हात जात नाही, म्हणून कोणी बघत नाही. आम्हाला काट्याने दाखवला.

त्या दिवसापासून शेठ खिशात छोटी डायरी ठेवतात. दर शनिवारी गरम इंजिनावर काटा कुठे आहे ते लिहितात. एकदा महाबळेश्वरहून घाबरून फोन केला, "मिस्त्री, ०.५५ वर आलाय!" मी म्हटलं, शेठ, तुम्ही साडेचार हजार फुटांवर आहात, तिथे बाहेरचीच हवा विरळ, मग फरकही कमीच दिसणार. खाली आल्यावर काटा जागेवर होता. शेठनी डायरीत त्या आकड्यापुढे 'घाट' असं लिहून ठेवलंय.

आता तात्यांबद्दल. भोसरीत त्यांचा एक लेथ होता. मीटरच्या पाइपसाठी फाटा काढायला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लागतो. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा टी बॉनेटखालच्या उष्णतेने दोन उन्हाळ्यांत कडक होतो आणि पाइप निसटतो. तात्यांनी षटकोनी पितळी सळईतून टी करून दिला. भोक ४ मिलिमीटरचं, प्रत्येक टोकाला तीन खाचा, आणि मीटरकडे जाणाऱ्या फाट्यात आत फक्त १ मिलिमीटरचं बारीक छिद्र. त्या छिद्रामुळे इंजिनाचे धक्के काट्यापर्यंत पोचत नाहीत, आणि पाइप कधी निसटलाच तरी गाडी बंद पडत नाही. प्रत्येक टीच्या खांद्यावर पंचाने एक ठिपका. तो ठिपका पुढे आमची अब्रू वाचवणार होता.

हायवेलगत एक चकचकीत दुकान सुरू झालं. काचेची दारं, निळे दिवे. आम्ही अर्धा दिवस लावून जे काम करायचो, ते तिथे तासाभरात आणि निम्म्या पैशात. आमचं एक गिऱ्हाईक मीटर आमच्याकडून बसवून घेऊन सहा महिन्यांनी तिकडे गेलं. तिथे त्याच्या ब्लोअरची पुली, म्हणजे पट्टा ज्यावर चालतो ते चाक, बदलली. काटा पूर्वीपेक्षा बराच वर जायला लागला म्हणून तो खूश होता. मे महिन्यात एक्स्प्रेसवेवर पिस्टन वितळला. गाडी टोचन करून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली आणि तिथे कागदावर लिहून मिळालं : बाहेरून मीटर बसवताना व्हॅक्यूमची लाइन कापली, त्यामुळे इंजिन गेलं.

मीटर कोणाचा? आमचा. कागदाचा फोटो गाडीवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. ज्यांच्या घरी जेवलो होतो, त्यांनीही फोन उचलले नाहीत. पाच महिने गाळ्यात गाडी नाही. दोन पोरांना सोडावं लागलं, त्यातला एक आमच्याकडे नळ्या कापण्यापासून शिकलेला. गाळ्याचं भाडं तीन महिने शेठनी भरलं. पुढच्या कामाचे आगाऊ धरा, म्हणाले. पुढचं काम त्यांना काही नव्हतंच, त्यांच्या गाडीचा काटा जागेवर होता.

मी आणि तात्या व्हर्नियर घेऊन ती गाडी उभी होती तिथे गेलो. इंजिन उघडंच होतं. टी प्लास्टिकचा होता, क्लिपशिवाय, आणि त्यावर तात्यांचा ठिपका नव्हता. आमचा पितळी टी कोणीतरी काढून टाकला होता. पुली मोजली तर मूळ पुलीपेक्षा ६ मिलिमीटर बारीक. बारीक पुली म्हणजे ब्लोअरचे फेरे जास्त, हवा जास्त आणि ती तापलेलीही जास्त. पेट्रोल मात्र पंपावरचं तेच, ट्यूनिंगही तेच. मग इंजिन ठोकणार, म्हणजे मिश्रण आपोआप चुकीच्या वेळी पेटणार, नाही तर काय? आमच्या वहीत त्या गाडीचा गाडी देतानाचा कमाल बूस्ट लिहिलेला होता. मालकाने स्वतःच्या फोनमध्ये काट्याचा जो फोटो हौसेने काढून ठेवला होता, त्यातला आकडा आमच्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट. मालकाने सगळं बघितलं, मान खाली घातली आणि माझा हात धरला. वर्कशॉपने तो कागद आजवर मागे घेतलेला नाही. दुकानाने पाटी बदलली. ग्रुपवर खुलासा आम्हीच टाकला, आणि तो किती जणांनी वाचला ते मला माहीत आहे.

त्यानंतरची वर्षं काम करण्यात गेली. गाळा मोठा झाला, इतकंच.

मीटर घेणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. जोड थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे, थेट इंटेक मॅनिफोल्डवरच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवरच) घ्या. अलीकडे घेतलात तर व्हॅक्यूमची बाजू दिसणारच नाही. ब्रेक बूस्टरच्या (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याच्या) नळीतून घ्यायचाच असेल तर मॅनिफोल्ड आणि एकदिशा व्हॉल्व्हच्या मध्ये घ्या, नाहीतर बूस्टच्या वेळी काटा हलणार नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) पाइप नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडी) हवाच, पत्र्याची कड सहा महिन्यांत पाइप कापते. इलेक्ट्रिक मीटर असेल तर इंजिन सुरू करण्याआधी चावी फिरवून शून्य बघा. काही सेन्सर समुद्रसपाटीचं शून्य धरतात, ते पुण्यात उभ्या गाडीवर उणे ०.०६ दाखवतील. तो मीटरचा बिघाड नाही, पण प्रत्येक आकड्यात तेवढा फरक धरावा लागतो.

काटा वर गेला म्हणजे गाडीची ताकद वाढली, असं समजू नका. इंजिनात जाऊ न शकलेली, दारात अडलेली हवा काट्यावर दिसते. पुली तीच असताना बूस्ट हळूहळू वाढत चालला आणि गाडी जड झाली, तर सायलेन्सरचा कॅटॅलिटिक (धूर शुद्ध करणारी जाळी) तुंबलाय का बघा. आणि चार-साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत काटा नीट चढून पुढे खाली यायला लागला, तर पट्टा सरकतोय. आधी पट्टा ताणून धरणारा टेन्शनर बघा, मग पट्टा बदला. बरेच जण नवा पट्टा टाकतात आणि महिन्याने पुन्हा येतात.

गेल्या वर्षी तात्यांनी लेथ विकला. हात कापतो म्हणाले, मापात राहत नाही. विकायच्या आधी उरलेल्या सगळ्या सळईचे टी करून पेढ्यांच्या खोक्यात घालून आणून दिले. प्रत्येकावर ठिपका आहे. आता एकतीस उरलेत. त्यातला एक शेठच्या गाडीसाठी वेगळ्या पुडीत बांधून ठेवलाय.