पेकानच्या बागेत डुकरांची वाट पाहताना

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ताईकडे ऑस्टिनला मी तीन आठवडे राहिलो. त्यांतले बहुतेक दिवस बाजारहाट आणि जेवणावळी यांत गेले. लिहायचे आहे ते नोव्हेंबरातल्या दोन रात्रींविषयी, ज्या मी तेथून वायव्येला सुमारे दोन तासांवर असलेल्या सॅन सबा गावाजवळ, भावोजींच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या पेकानच्या बागेत काढल्या. पेकान हे अक्रोडाच्या कुळातले फळ आहे. ते पिकून जमिनीवर पडू लागले, की माणसांच्या आधी रानडुकरे ते वेचायला येतात.

डुकराच्या शिकारीला लोक एवढ्या हौसेने का जातात, हे मला जाणून घ्यायचे होते, कारण आमच्या संगमेश्वरकडच्या घरी डुक्कर म्हणजे निव्वळ संकट होते. सुगीच्या दिवसांत आजोबा माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा बडवीत, आणि तरीही सकाळी एखादे खाचर नांगरल्यासारखे उलथलेले असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय डुकराला हात लावण्याची सोय नव्हती. टेक्सासमध्ये नेमके उलटे आहे. तेथे डुकराच्या शिकारीला ना हंगाम आहे, ना संख्येची मर्यादा. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने शिकार करायची असेल तर परवानाही लागत नाही, आणि २०११ च्या कायद्याने हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्यासही मुभा दिली आहे. हेलिकॉप्टरच्या त्या सहलींची माहितीपत्रके मी पाहिली आणि मला ती आवडली नाहीत.

यजमान सत्तरीचे होते. त्यांनी दिवसाउजेडी मला बाग दाखवली. कित्येक झाडांच्या बुंध्यांवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत वाळलेल्या चिखलाचा थर होता आणि त्यात राठ केस अडकले होते. चिखलात लोळून आलेली डुकरे तेथे अंग घासतात. मी परदेशी पाहुणा असल्याने बंदूक हाती घेणार नव्हतो, केवळ सोबत बसणार होतो. अंधार पडण्यापूर्वी आम्ही मचाणावर चढलो. यजमानांची एकच सूचना होती, की वारा तोंडावर घ्यायचा. तो मानेवर लागू लागला, की आपला वास डुकरांपर्यंत पोहोचला आणि रात्र फुकट गेली असे समजायचे.

दोन तास काहीही घडले नाही, आणि त्या दोन तासांत मी जितका जागा होतो तितका एरवी कधी असतो असे मला वाटत नाही. गालावरचा वारा किंचित वळला तरी पोटात धस्स होई. मग नदीच्या बाजूने कवची फुटल्याचा आवाज आला. आधी एकच, थोड्या वेळाने दुसरा, आणि नंतर दहा-बारा तोंडांतून एकदमच, जणू अंधारात कोणी सुपारी कातरीत बसले होते. पाऊल वाजत नव्हते, काहीही दिसत नव्हते, पण तो आवाज झाडागणिक जवळ येत होता. माझे हात गार पडले होते आणि घसा कोरडा झाला होता. माणसे पैसे मोजून येथे कशासाठी येतात, ते मला त्या घटकेला कळले, आणि आजोबा म्हातारपणीही माळ्यावर जायचा हट्ट का धरीत, त्याचाही थोडा उलगडा झाला.

उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा करड्या जमिनीवर पांढऱ्या आकृत्या हलत होत्या. पुढे माद्या आणि पिल्ले होती, बऱ्याच मागे एक थोराड नर. बार झाला. नर जागीच कोसळला आणि बाकीचा कळप क्षणार्धात झाडीत नाहीसा झाला. खाली उतरून यजमानांनी हातमोजे चढवले, कारण या डुकरांपासून माणसाला ब्रुसेलोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार होऊ शकतो, आणि मलाही एक जोड दिला. नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेची जाड ढाल होती. दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून ती त्याला वाचवते. मी तिच्यावर बोट दाबले, ते किंचितही आत गेले नाही. यजमान मात्र खूश नव्हते. “मी पुढची मादी टिपायला हवी होती,” ते म्हणाले, “पण पन्नास वर्षे झाली, नजर सुळ्यांकडेच जाते.”

तेथील रानडुकरे मुळात स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेल्या पाळीव डुकरांची संतती आहेत. १९३० च्या दशकात शिकारीसाठी आणलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. पुढेही हौशी शिकाऱ्यांनी ती ट्रकमधून नेऊन नव्या मुलखात सोडली, आणि आज एकट्या टेक्सासात त्यांची संख्या २५ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. म्हणजे जी ओढ मी मचाणावर अनुभवली, तिनेच हे संकट वाढवले. मिझुरी राज्याने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन विभागाच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीवर बंदी घातली, कारण बारामुळे कळप पांगतो आणि सापळ्यांचे काम बिघडते.

यजमानांनीही सापळा लावला होता. मक्याचे दाणे पसरलेले ते लोखंडी जाळीचे मोठे रिंगण बागेच्या दुसऱ्या टोकाला होते आणि त्याचे दार फोनवरून पाडता येत असे. दुसऱ्या रात्री तिकडे कोणी फिरकायचे नाही, असे त्यांनी बजावले. बंदुकीशिवाय नुसते मचाणावर बसू द्या, अशी विनंती मी केली. त्यांनी नकार दिला, आणि त्यांचे बरोबरच होते. मी खोलीची खिडकी उघडी ठेवून उशिरापर्यंत जागा राहिलो, परंतु घर बागेपासून दूर होते.

सकाळी रिंगणात चौदा डुकरे होती, त्यांतली नऊ पिल्ले. ती जाळीवर धडका देत होती. यजमान बंदूक घेऊन निघाले तेव्हा त्यांनी मला बरोबर येण्याचा आग्रह केला नाही. एका मागोमाग एक बार ऐकू येत असताना मी स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीसमवेत पेकान फोडीत बसलो होतो. या वर्षी निम्मी बाग तरी हाती लागेल, असे त्या म्हणाल्या.