कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक

प्रकल्प संपल्यावर ‘काय शिकलो’ अशी बैठक घेण्याचा रिवाज बहुतेक कार्यालयांत रुळला आहे. तिचे इतिवृत्त पुढच्या प्रकल्पाच्या वेळी कोणी उघडून पाहते का, याविषयी मात्र मला शंका आहे. म्हणून नव्या सहकाऱ्यांपुढे मी कोकण रेल्वेचे उदाहरण ठेवतो. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. जागेवर निर्णय घेण्याची मुभा आणि उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे ही तिथली कार्यपद्धती महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्याबरोबर दिल्ली मेट्रोत गेली. यशाचा धडा असा माणसाबरोबर प्रवास करतो, आणि माणूस निघून गेला की बऱ्याचदा तोही जातो.

अपघाताचा धडा अधिक महाग होता. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा तसाच अपघात झाला. त्यानंतर डोंगरकापांचे उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि वेळापत्रकही वेगळे असते. गणपतीला गावी निघालेले चाकरमानी त्यावर कुरकुरतात, पण अहवाल न वाचलेल्या चालकालाही ते वेळापत्रक पाळावेच लागते. आमच्या बैठकीतील प्रत्येक निष्कर्षातून अंदाजपत्रकाच्या नमुन्यात किंवा तपासणी यादीत निदान एक ओळ बदलावी, असा आग्रह मी त्यामुळेच धरतो.