दुखणं पोटाचं, नळी घशात

"डॉक्टर, दुखणं पोटाचं होतं ना? मग नळी घशात कशाला?" आयसीयूच्या दाराशी पेशंटच्या भावानं विचारलं. माझ्या हातात संमतीचा कागद होता.

बाई चाळिशीतल्या. दाखल झाल्या तेव्हा कळ पोटातून थेट पाठीत जात होती, पुढे वाकून बसलं की जरा सुसह्य व्हायची. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं विकर, नेहमीच्या तिपटीच्या खूप वर, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. स्वादुपिंडाला सूज, निदानात अवघड काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं, घरचे निर्धास्त झाले. राउंडला मीही पोटच चाचपून पुढे गेलो, ते मला अजून खटकतं. सिस्टरनी हाक मारली, "सर, श्वास मोजा ना." मिनिटाला 36! बाईंना एक वाक्य पुरं करता येईना. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढुरकी, इकोत हृदय मात्र ठणठणीत. 60 टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब जेमतेम 66.

भावाला बाकावर बसवलं. "दादा, स्वादुपिंडातला पाचकरस आतड्यात गेल्यावर जागा व्हायला हवा. तो ग्रंथीतच जागा झाला आणि तिलाच पचवू लागला. त्या सुजेची रसायनं रक्तातून फुप्फुसात पोचली, तिथल्या बारीक केशवाहिन्या गळू लागल्या. हवेच्या पिशव्यांत पाणी भरतंय. त्या पिशव्या उघड्या ठेवणारा बुळबुळीत थर असतो, तोही या रसातलं एक विकर तोडतं. त्यात फुगलेलं पोट छातीखालचा श्वासाचा पडदा वर ढकलतंय."

तो शेतकरी माणूस. म्हणाला, "विहिरीच्या कडांतून पाझरतं, तसं?"

अगदी तसंच. त्यानं सही केली.

व्हेंटिलेटरवर श्वास मुद्दाम छोटे ठेवले, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे 6 मिली. आधीच जखमी फुप्फुस जास्त ताणलं की आणखी फाटतं. तरी ऑक्सिजन चढेना, म्हणून पालथं झोपवायचं ठरलं. सहा जण लागलो. एकानं फक्त नळी धरली. उश्या अशा लावल्या की पोट मोकळं राहावं. सोळा तास पालथं, मग उताणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अँटिबायोटिक दिलं नाही. संसर्गाचा पुरावा नव्हता. नाकातल्या नळीनं थोडं थोडं अन्न मात्र सुरू ठेवलं.

अकराव्या दिवशी नळी निघाली. पित्ताशयाचं ऑपरेशन अजून बाकी होतं. संध्याकाळी गेलो तर भाऊ खाटेशेजारी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेला. मला हातानंच थांबवलं, मिनिट पुरं होऊ दिलं आणि म्हणाला, "बावीस."