छोट्या मिलिंग मशीनवर घरी केलेल्या सुधारणा : माझा अनुभव

टेबलावर मावणारे, साधारण पन्नास किलो वजनाचे आणि ३५० वॅटची मोटर असलेले उभे मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र) छंदासाठी घेणारे बहुतेक जण चिनी बनावटीच्या ‘एक्स-टू’ नमुन्याचेच मशीन घेतात, आणि मीही तेच घेतले. त्याचा सांगाडा बिडाचा असतो; परंतु कॉलम, म्हणजे मागचा उभा खांब, डावीकडे-उजवीकडे कलता करता यावा म्हणून तो मागच्या बाजूने एकाच मोठ्या नटावर आवळलेला असतो, हेडमधले (कॉलमवर वर-खाली सरकणाऱ्या, मोटर आणि कटर धरणाऱ्या भागातले) गिअर प्लॅस्टिकचे असतात, आणि हेडचे वजन पेलण्यासाठी बाजूला स्प्रिंगचा एक दांडा दिलेला असतो. या तिन्ही गोष्टी किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी केलेल्या आहेत आणि त्या किमतीत त्या योग्यही आहेत. मला मात्र लहान वाफेच्या इंजिनांचे भाग करायचे होते. त्यात सिलिंडरची बैठक आणि वाफेच्या झडपेची सपाट बाजू यांना दोन-तीन शतांश मिलिमीटरची अचूकता लागते, आणि आहे त्या स्थितीत मशीन ती देत नव्हते.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी, पत्र्याच्या छपराखाली माझी कामाची खोली आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत मागांचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमधले मिस्त्री माझ्या जुन्या ओळखीचे आहेत. सुधारणांची यादी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा यादी न वाचताच ते म्हणाले, “मालक, डायल लावून आधी हलतंय कुठं ते बघा. तोवर एक भोकसुद्धा पाडू नका.” पुढचे सारे काम मी या एका सूचनेवर उभे केले, आणि असे मशीन बाळगणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हीच सूचना देईन.

मापन असे केले. डायल गेजचा (बारीकशी हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा) चुंबकी पाया टेबलावर ठेवून त्याचे टोक स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या, नाकाला टेकवले आणि ताणकाट्याने हेड बाजूला दहा किलोच्या ओढीने ओढले. काटा ०.१८ मिमी सरकला. नुसत्या हाताच्या जोराने इतके हलणारे मशीन कटर कामात शिरल्यावर थरथरणारच. परंतु हा आकडा एकूण खेळाचा होता; तो कुठून येतो हे त्यावरून कळत नाही. म्हणून चुंबकी पाया क्रमाक्रमाने हलवत नेला : बेसवर ठेवून कॉलमचा तळ पाहिला, कॉलमवर ठेवून हेड पाहिले, सॅडलवर (टेबलाखालच्या पुढे-मागे सरकणाऱ्या भागावर) ठेवून टेबल पाहिले. जवळजवळ निम्मा खेळ कॉलमच्या त्या एका नटाच्या जोडावर होता, त्याच्या खालोखाल टेबल आणि सॅडलच्या सरकपट्ट्यांत, आणि उरलेला थोडा हेड व कॉलमच्या मध्ये होता. माझ्या यादीत सर्वांत वर असलेल्या, गिअरच्या जागी बसवायच्या पट्ट्याचा या खेळाशी काहीच संबंध नव्हता. यादी उलटी करावी लागली.

सुरुवात जिबपासून केली, कारण तिला खर्च नव्हता. या मशीनवर जिब म्हणजे डव्हटेलच्या (तिरक्या कडांच्या सरकत्या खाचेच्या) एका बाजूला बसवलेली सपाट पट्टी असते आणि बाहेरचे बारीक स्क्रू तिला दाबून धरतात. पट्टी बाहेर काढून पाहिली तेव्हा स्क्रूची टोके ओबडधोबड कापलेली दिसली, आणि पट्टीवरचे खळगे स्क्रूंच्या नेमके समोर नव्हते. त्यामुळे स्क्रू आवळला की पट्टी सरळ दाबली न जाता तिरकी सरकत असे. सैल ठेवावे तर टेबल डुले आणि आवळावे तर ते अडके. स्क्रूची टोके लेथवर गोलसर करून घेतली, पट्टी जागेवर बसवून स्क्रूच्या भोकांतूनच नव्या खळग्यांच्या खुणा घेतल्या, आणि पट्टीची घासणारी बाजू काचेवर चिकटवलेल्या बारीक पॉलिश कागदावर सपाट केली. सरकपट्ट्यांचा खेळ यानंतर डायलवर जेमतेम दिसेल इतकाच राहिला.

कॉलमचे काम मात्र जपून करावे लागले. आधाराची पट्टी मागून बोल्ट केल्यावर कॉलम आहे त्या स्थितीत कायमचा धरला जातो, म्हणून त्याआधी स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणावे लागते. स्पिंडलमध्ये डायल धरून ती टेबलावर गोल फिरवली. डावी-उजवी बाजू मोठा नट सैल करून जुळवता आली. पुढच्या-मागच्या दिशेला मात्र कलण्याची सोयच नाही, आणि तिथे ८० मिमी अंतरात ०.०६ मिमी फरक येत होता, म्हणजे कॉलम किंचित पुढे झुकलेला होता. कॉलमच्या बैठकीच्या बोल्टांमधले अंतर सुमारे १०० मिमी असल्याने त्या प्रमाणात ०.०७५ मिमीची शिम (पातळ पत्र्याची भर) पुढच्या बोल्टांखाली घालावी लागली. पितळी पत्र्याचे ०.०५ आणि ०.०२५ मिमीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून ती तयार केली.

हे काम मी पहाटे केले आणि तपासणीही पहाटेच केली. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत सकाळ-दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने १०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा सुमारे ०.०३५ मिमीने वाढतो, तर पोलाद त्याच्या निम्मेच वाढते. शतांशांचा हिशेब करणाऱ्याने सकाळचे माप दुपारच्या मापाशी ताडून पाहू नये.

आधारासाठी माइल्ड स्टीलची २० मिमी जाडीची पट्टी घेतली. हाताशी १२ मिमीची पट्टी होती आणि ती पुरेल असे दिसतही होते. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २० मिमीची पट्टी १२ मिमीच्या पट्टीपेक्षा साडेचार पटींहून अधिक कडक ठरते. मधल्या नटासाठी तिच्यात मोठे भोक ठेवले. कॉलमची पाठ यंत्रावर सपाट केलेली नसते, रंगवलेले ओतीव असते, म्हणून पट्टी तशीच आवळली तर ती कॉलमला आपल्याकडे ओढून जुळवलेला काटकोन बिघडवते. यावर उपाय म्हणून कॉलमच्या पाठीचा रंग खरवडला, पट्टीचे बेसकडचे बोल्ट आवळले, कॉलमकडचे बोल्ट नुसते टेकवून मधली फट लोखंडाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीने भरली, आणि ते पूर्ण कडक झाल्यावरच बोल्टांवर जोर दिला. आवळताना डायल टेबलावर लावलेलीच ठेवली होती. तिचा काटा जागचा हलला नाही. आता हेड कलते करून तिरकस काम करता येत नाही. तसे काम क्वचितच निघते, आणि निघाले तर ते व्हाइसमध्ये तिरके धरून होते, म्हणून ही सोय सोडणे मला पटले.

कॉलम स्थिर झाल्यावर हेडच्या वजनाकडे वळलो. स्प्रिंगचा दांडा हेड वर असताना कमी आणि खाली असताना जास्त ओढतो, शिवाय तो हेडला एकाच बाजूने उचलत असल्याने हेड त्या बाजूला तिरपे बसते. गॅस स्प्रिंगचा पर्याय पुष्कळ जण वापरतात. परंतु स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी मिळतात त्यांचा सरकाव तोकडा पडतो, आणि मोटारीच्या डिकीच्या असतात त्यांचा जोर या हेडसाठी फार होतो. माझे हेड मोटरसह ताणकाट्यावर साधारण सोळा किलो भरले, म्हणजे त्याला सुमारे १६० न्यूटनचा आधार हवा होता, आणि तोही वरपासून खालपर्यंत एकसारखा. तसा आधार फक्त लोंबते वजन देते.

ते वजन शोधायला दूर जावे लागले नाही. जुन्या साध्या यंत्रमागावर ताण्याच्या बीमला (उभे सूत गुंडाळलेल्या रुळाला) साखळीचा वेढा घालून त्याच्या दांड्याला बिडाची वजने टांगतात, जेणेकरून सूत ताठ राहते. असे माग भंगारात निघाले की ही वजने किलोच्या भावाने मिळतात. साडेचौदा किलो भरतील इतकी निवडून आणली आणि एका सळईवर ओवली. हेडपेक्षा ती दीड किलोने मुद्दामच कमी ठेवली, कारण हेडचा थोडा भार नेहमी खाली राहिला तर हेड वर-खाली करणाऱ्या रॅक आणि पिनियनच्या (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाच्या) दात्यांमधला खेळ एकाच बाजूला दाबलेला राहतो आणि कापाच्या खोलीचे माप फसत नाही. दोर ३ मिमीची पोलादी वायर रोप आहे. ती कॉलमच्या माथ्यावर बसवलेल्या दोन पुल्यांवरून मागे जाते. पुल्या ६० मिमी व्यासाच्या असून त्यांत ६२०१ बेअरिंगे आहेत, कारण लहान पुलीवर दोराच्या तारा लवकर तुटतात. वजन मागे मोकळे लोंबू न देता ते जाड पाइपात सोडले आहे, म्हणजे दोर तुटलाच तरी ते पायावर पडणार नाही. जुना दांडा काढण्यापूर्वी हेड खाली आणून टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठेवणे फार आवश्यक आहे. आता हेड एका बोटाने वर जाते आणि सोडले तिथेच थांबते.

गिअरच्या जागी पट्टा बसवण्याचे काम यानंतर हाती घेतले. मोटरच्या पाटीवर ३५० वॅट आणि मिनिटाला ६००० फेरे लिहिलेले होते. त्यावरून मोटरचा पीळ (टॉर्क) ०.५६ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. ५० मिमी व्यासाच्या पुलीवर ही ओढ फक्त २२ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलो होते. एवढ्यासाठी धुलाई यंत्राचा अरुंद व्ही-पट्टा पुरेसा आहे, आणि तो दुरुस्तीच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. स्पिंडलवर १२५ मिमीची पुली बसवली, त्यामुळे स्पिंडलला २४०० फेरे मिळतात. दोन्ही पुल्या मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या गोळ्यातून लेथवर काढून दिल्या. मोटर धरणारी १० मिमीची प्लेट मात्र मी याच मशीनवर केली, आणि ती जुने गिअर जागेवर असतानाच केली; हेड उघडल्यावर मशीन बंद पडते आणि स्वतःचा भाग स्वतः करू शकत नाही. गिअरचा कर्कश आवाज गेला, कापलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक लाटा गेल्या, आणि कटर अडकला तर गिअरचे दाते तुटण्याऐवजी पट्टा घसरतो. त्याबदल्यात गिअरच्या कमी वेगात मिळणारा जोर गेला आहे, त्यामुळे मोठ्या व्यासाचा फ्लाय कटर (एकाच पात्याचा रुंद फिरणारा कटर) मी आता हलक्या घासानेच चालवतो.

आमच्या भागात हवेत सुताचा बारीक तूस सतत उडतो. तो सरकपट्ट्यांवरच्या तेलात बसतो आणि बिडाच्या भुकटीबरोबर मिळून घासणारा लेप तयार करतो. म्हणून सॅडलच्या पुढे-मागे ट्रकच्या जुन्या ट्यूबचे पडदे लावले आणि डव्हटेलच्या तोंडांशी तेलात भिजवलेल्या नमद्याच्या पट्ट्या बसवल्या.

सर्वांत शेवटी सरकाव मोजणाऱ्या डिजिटल पट्ट्या लावल्या, कारण डुलणाऱ्या टेबलाचे माप शतांशात वाचून उपयोग नव्हता. आडव्या सरकावासाठी ३०० मिमीचे आणि पुढच्या-मागच्या सरकावासाठी १५० मिमीचे डिजिटल कॅलिपर घेऊन त्यांचे जबडे ग्राइंडरने कापले. पोलाद कडक केलेले असल्याने तिथे हॅकसॉ चालत नाही. या पट्ट्या विद्युत धारकतेच्या तत्त्वावर चालतात, त्यामुळे त्यांच्यावर कूलंट किंवा तेल गेले की आकडे उड्या मारतात, आणि मोटरच्या विद्युत गोंगाटानेही तसेच होते. ॲल्युमिनियमच्या कोनाचे छप्पर केल्यावर आणि ते मशीनच्या अर्थिंगला जोडल्यावर हा त्रास थांबला. एलआर ४४ सेलचा दाब वापराबरोबर उतरत जातो, म्हणून त्याऐवजी चांदीच्या ऑक्साइडचा एसआर ४४ सेल वापरतो. त्याच दहा किलोच्या ओढीने हेड आता ०.०५ मिमी हलते. त्यातला बहुतेक भाग हेड आणि कॉलममधल्या जिबचा आहे, आणि तिच्यासाठी गनमेटलची (तांब्याच्या मिश्रधातूची) नवी पट्टी मिस्त्रींकडे घासायला दिली आहे.