मिरामारचं पाणी आणि पहिली हाफ आयर्नमॅन: गोव्याला जाणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगतो. गोव्याची ७०.३, म्हणजे हाफ आयर्नमॅन शर्यत, पूर्ण झाली, मेडल घरात आहे, पाय अजून जिना उतरताना ओरडतात आणि आनंद पोटात मावत नाही. पण ज्यांनी ज्यांनी "गोव्याचा समुद्र म्हणजे तळं, पोहण्याची काळजीच करू नका" असं सांगितलं, त्यांनी चुकीचं सांगितलं. हा सल्ला कोल्हापुरात, पुण्यात, बेळगावात सर्रास दिला जातो. तो ऐकून कुणी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना नुसतं नाव माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १.९ कि.मी. समुद्रात पोहणं, ९० कि.मी. सायकल, २१.१ कि.मी. धावणं. तिन्ही मिळून ७०.३ मैल होतात, म्हणून ते नाव. २०१९ साली ही शर्यत पणजीत सुरू झाली. त्याआधी आपल्या लोकांना कोलंबो, दुबई, बहारीन अशा ठिकाणी सायकल खोक्यात भरून न्यावी लागायची. आता कोल्हापुरातून सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पणजी. सोय इतकी झाली की अनेकांची आयुष्यातली पहिली ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं सलग अशी शर्यत) थेट हीच असते, माझीही हीच. तुम्ही दोन तास न थांबता धावू शकता, शंभर किलोमीटर सायकल मारू शकता आणि तलावात दोन किलोमीटर पोहू शकता, एवढं गृहीत धरतो. यातलं एक जरी येत नसेल तर एक वर्ष थांबा.

आता पाणी.

आमचा सगळा सराव राजाराम तलावातला. गोडं, संथ पाणी, समोर काठ दिसतो, दमलं की काठाकडे वळायचं. तिथे शंभर मीटरला मला साधारण दोन मिनिटं वीस सेकंद लागतात, म्हणजे १.९ कि.मी.ला पाऊण तास. पोहण्याची मुदत एक तास दहा मिनिटं. शंभर मीटरला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागले तरी माणूस मुदतीत बसतो. कागदावर हे फारच सोपं दिसतं आणि त्याच हिशोबावर सगळे सल्ले उभे असतात.

त्या हिशोबात मांडवी धरलेली नसते. मिरामार हा मांडवीच्या मुखावरचा किनारा आहे. भरतीला समुद्र नदीत घुसतो, ओहोटीला नदी समुद्रात रिकामी होते आणि तुम्ही नेमके त्या येण्याजाण्याच्या वाटेत पोहत असता. आम्ही उतरलो ती सकाळ पंचमीची. मध्यरात्रीनंतर भरती येऊन गेलेली आणि सातच्या सुमारास ओहोटी ऐन जोरात. पहिल्या लाटा पार झाल्या आणि बाहेर जाताना हात इतके हलके पडत होते, की तयारी उत्तम झाल्याचा आनंद झाला. तो वेग ओहोटीचा होता. वळणाचा बोया, म्हणजे तरंगती खूण, ओलांडून किनाऱ्याकडे तोंड केलं आणि तेच पाणी अंगावर आलं.

आकडे मांडून सांगतो, म्हणजे पटेल. माझा वेग सेकंदाला साधारण ०.७ मीटर. तासाला एक किलोमीटर इतका मवाळ प्रवाह धरला, तरी तो सेकंदाला ०.२८ मीटर होतो. म्हणजे समोरून आला की माझ्या दर दहा हातांतले चार हात पाण्यात गेले. आडवा आला की बोया समोर धरून पोहतोय असं वाटत असतानाच माणूस बाजूला सरकत राहतो. शेवटी घड्याळात अंतर २.३ कि.मी. आलं आणि वेळ तासाच्या जवळ गेली. माझ्यापेक्षा थोडे संथ पोहणारे आमच्यातले एक काका मुदतीबाहेर गेले आणि त्यांची शर्यत तिथेच संपली. तलावात ते आरामात बावन्न मिनिटांत पोहतात. त्यांना कुणीतरी भरती-ओहोटीबद्दल सांगायला हवं होतं.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला: शर्यतीच्या रविवारची तिथी आजच कॅलेंडरवर बघा. कोकणात कोळ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, तेव्हा भरती सहाच्या आसपास. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तासभर इकडेतिकडे होतं, त्यामुळे नेमकी वेळ मार्मागोव्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि प्रवाह जोरदार असतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असतो आणि पाणी त्या मानाने नरम असतं. पौर्णिमेनंतरची चतुर्थी-पंचमी आली तर उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो आणि सकाळी सातला ओहोटी मध्यावर असते. माझ्या मते मध्यम पोहणाऱ्यासाठी ही सगळ्यात वाईट सकाळ. तशी सकाळ वाट्याला आली तर हाताशी किमान वीस मिनिटं ठेवूनच जा. तलावात पन्नासहून जास्त मिनिटं लागत असतील तर जाऊ नका. हे कठोर वाटेल, पण मुदतीबाहेर गेलेल्या माणसाचा चेहरा मी जवळून पाहिला आहे.

दुसरं, समुद्रात सराव केल्याशिवाय जाऊ नका. मालवणच्या चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरते, लहान अंतरं असतात, बंदोबस्त चांगला असतो. एखादं वर्ष आधी तिथे पोहून या. किंवा चौघं-पाचजण मिळून, स्थानिक होडीवाल्याला बरोबर घेऊन सराव करा. एकट्याने अजिबात नको आणि पावसाळ्यात तर समुद्राकडे फिरकूच नका. शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावासाठी पाणी खुलं करतात, वेळ आयोजकांच्या माहितीपुस्तिकेत, ऍथलीट गाईडमध्ये, दिलेली असते. नाव नोंदवून मोकळे होऊ नका, आदल्या दिवशीही शक्यतो शर्यत सुरू होते त्याच वेळेला त्या पाण्यात उतरा.

आता पाण्यातलं. वेटसूट (अंग गरम आणि तरंगतं ठेवणारा रबरी पोशाख) विसरा. पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की वेटसूट घालणारा बक्षिसातून बाद होतो आणि २८.८ च्या वर तो कुणालाच चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथलं पाणी कोमट असतं. ऑनलाइन दुकानं ऐन हंगामात "गोव्यासाठी" म्हणून वेटसूट सुचवतात, त्यात पैसे घालू नका. खाऱ्या पाण्यात अंग थोडं वर राहतं, तेवढा आधार पुरे. मानेला, काखेत, ट्रायसूटच्या (तिन्ही प्रकारांत घालायच्या एकाच पोशाखाच्या) शिवणीखाली व्हॅसलिन भरपूर लावा. मीठ आणि घासणं एकत्र आलं की सायकलवर तासन् तास त्याची आठवण राहते.

कंबरभर पाणी येईपर्यंत चालत जा. लाट छातीवर घेऊ नका, तिच्या खालून जा. परत येताना हात वाळूला लागेपर्यंत पोहत राहा, आधी उभं राहिलात तर लाट मागून पाडते. पाणी गढूळ असतं, पावसाळ्याचा गाळ अजून बसलेला नसतो, स्वतःचा हात दिसत नाही. ते पाहून छाती धडधडते, सगळ्यांचीच धडधडते. पहिल्या दोनशे मीटरमध्ये दम लागला तर उलटे पडा, आकाशाकडे बघत दहा श्वास घ्या. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, कसलाही स्ट्रोक चालतो. हात वर केला की मदतीची छोटी होडी, कयाक, येते. ती धरून विसावा घ्यायला नियमात परवानगी आहे, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कयाकवरच्या मुलाने "धरा काका, धरा, बाद नाही होत" असं म्हटलं तेव्हा कळलं. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

दर सहा-आठ हातांनी डोकं वर काढून बोया बघा. पुढच्या माणसाच्या मागे जाऊ नका, तोही चुकलेला असतो. आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत सापडणार नाही: किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे परतताना सूर्य थेट डोळ्यांत. पांढऱ्या काचांच्या गॉगलमधून मला किनाऱ्यावरची बाहेर पडायची कमान दिसतच नव्हती. गडद काचांचा गॉगल घ्या आणि आदल्या दिवशी किनाऱ्यामागची एखादी उंच इमारत हेरून ठेवा. कमान दिसली नाही तरी इमारत दिसते.

जेलीफिश असतात. चावा बसला तर चोळू नका, बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि बाहेर आल्यावर वैद्यकीय तंबूत दाखवा. खारं पाणी पोटात गेलं तर सायकलवर पहिली वीस मिनिटं फक्त साध्या पाण्याचे घोट घ्या, ताकदीसाठीचं गोड एनर्जी जेल नंतर. माझ्या पुढच्या मुलीने घाईघाईने जेल घेतलं आणि पहिल्याच चढावर सगळं बाहेर पडलं.

सायकलबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. रस्ता बंद केलेला, चांगला, दोना पावला-बांबोळी बाजूचे चढ आहेत. ज्यांनी पन्हाळा किंवा जोतिबा चढला आहे त्यांना त्या चढांचं काही वाटणार नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, पुढच्याच्या मागे बारा मीटरच्या आत रेंगाळायचं नाही, एवढं पाळा. सायकल आदल्या दुपारी जमा करावी लागते आणि उन्हात उभी राहते, म्हणून टायरमधली हवा थोडी कमी करून ठेवा, सकाळी पंप घेऊन जा. पिंजऱ्यातल्या बाटल्या घट्ट बसताहेत ना बघा, गतिरोधकावर उडतात.

धावणं मात्र उन्हाचं आहे. अकराच्या पुढे डांबर तापतं, हवा ओली असते, घाम सुकत नाही. तुमचा कोल्हापुरातला अर्धमॅरेथॉनचा वेळ विसरून जा, त्यात अर्धा तास मिळवा. मदतकेंद्रावर बर्फ मिळाला की टोपीखाली आणि मानेवर. नुसतं पाणी पीत राहू नका, मीठही पोटात जायला हवं. भरपूर पाणी पिऊनही चक्कर येणारे लोक मी पाहिले. चढावर चाला. चालण्यात कमीपणा नाही, साडेआठ तासांची मुदत चालणाऱ्यालाही पुरते, जर पाण्यात वेळ गेला नसेल तर.

एक शेवटचं दुखणं, राहण्याचं. मिरामारजवळच्या एका लॉजवर फोनवर ठरलेला भाव एक आणि पोचल्यावरचा भाव जवळजवळ दुप्पट. वर सायकल खोलीत ठेवायचे वेगळे पैसे, दर रात्रीचे. आदल्या संध्याकाळी पणजीत दुसरी खोली मिळत नाही हे त्यांना माहीत असतं. त्या माणसाशी अर्धा तास वाद घालून मी जिना चढलो तेव्हा पाय शर्यतीआधीच थकले होते. भाव, रात्रींची संख्या आणि "सायकल खोलीत, जादा आकार नाही" हे तिन्ही व्हॉट्सऍपवर लिहून घ्या, थोडे पैसे आगाऊ पाठवा आणि पावती मागा. ताळगावात बघा, अंतर सायकलने सहज होतं आणि पहाटे रस्ते बंद झाले तरी अडत नाही. मांडवीपलीकडे पर्वरीला स्वस्त मिळेल, पण पहाटे चार वाजता पूल ओलांडून गाडी कुठे लावायची हा प्रश्न तिथेच उरतो. मी तरी पलीकडे राहणार नाही.

परतीची गाडी त्याच दिवशी स्वतः चालवू नका. आंबोलीच्या वळणांवर पोटरीत गोळा आला तर ब्रेकवरचा पाय उचलत नाही. सोमवारची सुट्टी आधीच मंजूर करून घ्या आणि शक्य असेल तर मंगळवारचीही.