ऐकू येतंय का, हे आधी तपासून घ्या

मानखुर्दच्या एका वस्तीत मी अंगणवाडी सेविका आहे. पत्र्याची एक खोली, डोक्यावर घरघरणारा पंखा, शेजारी पीठगिरणी. सोहम (नाव बदललं आहे) साडेतीन वर्षांचा असताना आमच्याकडे येऊ लागला. बडबडगीत सुरू झालं की तो दुसऱ्या मुलांचे हात बघायचा आणि मग आपले हलवायचा. गोष्टीच्या वेळी उठून दाराशी जायचा. हाक मारली की कधी वळायचा, कधी नाही. बोलायचा तेही दोन-दोन शब्द, त्यात ‘स’, ‘श’ जवळजवळ नाहीतच.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, पोरगं हट्टी आहे. आजी म्हणाली, “त्याचा काकापण उशिराच बोलला.” वडिलांचा मुद्दा मात्र बिनतोड वाटावा असा होता: “ताई, मोबाईल वाजला की हा पळत येतो. कान खराब असते तर आला असता का?” याच कारणाने कितीतरी मुलं मागे राहतात, म्हणून सांगते. मोठा आवाज ऐकू येतो म्हणजे बोलणं स्पष्ट ऐकू येतं असं नाही. आणि मागून टाळी वाजवून घेतलेली परीक्षा फसवी असते. मूल सावली बघून किंवा हवेचा झोत लागूनही वळतं.

सोहमची आई चार घरी काम करते, सुट्टी घेतली की पैसे कापले जातात. तरी ती तयार झाली. मी सोबत गेले. वडाळ्याला गाडी बदलून वांद्रे, तिथून रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीची ही केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून आहे. सकाळी लवकर गेलेलं बरं. केस पेपर, मग माहिती विचारतात: गरोदरपण कसं गेलं, जन्मतः रडला का, सर्दी किती वेळा होते, कान वाहतो का. आईने हे आदल्या रात्री आठवून ठेवलं होतं, त्याचा फार उपयोग झाला.

तपासणीत सुई नाही, दुखणंही नाही. आधी कानाच्या तोंडाशी छोटी नळी लावून दाब बदलत पडदा हलतो का ते पाहिलं. नंतर खेळ: हेडफोनमध्ये आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. सोहमला हा खेळ इतका आवडला की तो उठायलाच तयार नव्हता. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. आवाज साधारण ३५ डेसिबलच्या वर गेला तरच त्याला कळत होता. म्हणजे कानात बोटं घालून दिवसभर वर्गात बसल्यासारखं. माझ्या गोष्टीतलं त्याला काय मिळत असेल, या विचाराने मला तिथेच भरून आलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली नाही. बऱ्याच मुलांचं हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, तेव्हा पुन्हा तपासू, नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवू, असं म्हणाले. घरात विडीचा धूर नको, हेही बजावलं. आजोबा आता बाहेर जाऊन ओढतात.

वाट बघायचे ते तीन महिने मला सगळ्यांत मोलाचे वाटतात, कारण त्यात अंगणवाडी खूप काही करू शकते. गोष्टीच्या वेळी पंखा बंद. सोहम माझ्या समोर, हाताच्या अंतरावर. आधी त्याच्या खांद्याला हात, नजर मिळाली की मगच बोलायचं. चित्रं, हातवारे, छोटी वाक्यं. तो “आबण” म्हणाला की “हो, साबण, फेसाचा साबण” असं म्हणून पुढे जायचं. “नीट बोल” असं कुणीच म्हणायचं नाही. मदतनीस ताईंनी खिचडी वाढतानाही हे पाळलं.

फेरतपासणीत उजवा कान मोकळा झाला होता. डाव्यात पाणी आहे, पण कमी. सोहम आता भांडतो, तक्रारी सांगतो, “टीचर, याने माझी गाडी घेतली” असं पूर्ण वाक्य बोलतो. पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर आहे. तोवर सर्दी झाली की अंगावर न काढता लगेच दाखवायचं, असं आईशी ठरलंय.